ओळंबा आणि पृथ्वीचा आकार

गवंडी भिंत उभारू लागला म्हणजे त्याच्यापाशी दोन साधने हटकून असतात: एक ओळंबा आणि दुसरी पाणसळ. ओळंब्याचा दोरा दाखवील ती उभी रेघ आणि पाणसळीतला बुडबुडा मधोमध स्थिरावेल ती सपाटी, एवढ्या दोन गोष्टींवर साऱ्या बांधकामाची भिस्त असते. ओळंबा खोटे बोलेल, ही शंका गवंड्याला येत नाही आणि येण्याचे कारणही नाही; कारण एका घराच्या आवारापुरते ओळंब्याचे म्हणणे खरेच असते. परंतु हाच ओळंबा घेऊन एखादा मोजणीदार कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत देश मोजीत निघाला, म्हणजे एक विलक्षण प्रश्न उभा राहतो. ओळंबा ‘खाली’ दाखवतो खरा. पण ‘खाली’ म्हणजे नेमके कोणीकडे?

‘पृथ्वीच्या मध्याकडे’, असे उत्तर शाळेतला मुलगाही देईल. हे उत्तर अगदीच चूक नाही, पण पुरते बरोबरही नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे विषुववृत्तापाशी फुगलेली आणि ध्रुवांपाशी चपटी आहे. तिची विषुववृत्तावरील त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाकडील सुमारे ६,३५७ किलोमीटर. म्हणजे दोहोंत एकवीस किलोमीटरांचा फरक. १६७२ साली फ्रेंच ज्योतिर्विद रिशे दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेला, तेव्हा पॅरिसला बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. विषुववृत्ताजवळ पृथ्वीची ओढ कमी पडते, हे त्या घड्याळाने प्रथम दाखवून दिले आणि न्यूटनने त्यातून पृथ्वीच्या चपटेपणाचा अर्थ काढला. घड्याळाच्या लंबकाने पृथ्वीचा आकार सांगावा, ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

परंतु चपटेपणा हिशेबात घेतला तरी गोष्ट संपत नाही. ओळंब्याला ओढणारी पृथ्वी सर्वत्र एकसारखी नाही. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र. कोठे जड शिळा, तर कोठे हलका गाळ. यांतील प्रत्येक कण ओळंब्याला आपल्याकडे किंचित ओढत असतो, आणि या सर्व ओढाताणीचा जो निवाडा होतो त्या दिशेने दोरा स्थिर होतो. म्हणून ओळंब्याची दिशा जागोजाग थोडीथोडी बदलते आणि तिच्याबरोबर पाण्याची सपाटीही. साऱ्या देशात समुद्रापासून अरुंद चर खणले आणि त्यांत समुद्राचे पाणी भरती-ओहोटीवाचून, वाऱ्यावाचून शांत उभे राहिले, अशी कल्पना केली, तर त्या चरांतील पाण्याचा पृष्ठभाग ही जमिनीखालून गेलेली खरी समुद्रसपाटी होय. शास्त्रज्ञ तिला ‘जिऑइड’ म्हणतात. गणितासाठी घेतलेला गुळगुळीत, चपटा आदर्श गोल ही एक गोष्ट आणि हा जिऑइड ही दुसरी. आदर्श गोल माणसाने कागदावर आखलेला असतो. जिऑइड मात्र निसर्गाने आखलेला, उंचसखल आणि डोळ्यांना न दिसणारा असतो. किल्ल्याची, गावाची किंवा शिखराची उंची समुद्रसपाटीपासून अमुक मीटर आहे, असे आपण म्हणतो, तेव्हा ती या अदृश्य पृष्ठापासून मोजलेली असते.

हे अदृश्य पृष्ठ शोधून काढण्याच्या इतिहासात भारतभूमीला मानाचे स्थान आहे. एकोणिसाव्या शतकात भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण चालू असताना जॉर्ज एव्हरेस्ट याने मध्य भारतातील सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि आजच्या उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगराजवळचे कलियाना या दोन ठाण्यांमधील अंतर दोन स्वतंत्र रीतींनी काढले. ही ठाणी एकमेकांपासून सुमारे ६०० किलोमीटर दूर. पहिली रीत जमिनीवरच्या त्रिकोणांची. दुसरी आकाशातील ताऱ्यांची. ताऱ्यांवरून अक्षांश काढावयाचा तर ओळंब्यावाचून गत्यंतर नसते, कारण डोक्यावरचा बिंदू कोणता हे ओळंबाच सांगतो. या दोन रीतींनी निघालेल्या अक्षांशांतील अंतरांत ५.२३६ विकला एवढा फरक पडला. जमिनीवर हा फरक सुमारे १६० मीटरांचा होतो. सहाशे किलोमीटरांत दीडशे मीटर म्हणजे सामान्य व्यवहारात काहीच नव्हे. मोजणीत साठत गेलेल्या बारीक चुकांच्या खाती तो टाकण्यात आला आणि त्रिकोणांत वाटून देण्यात आला.

परंतु त्या मोजणीची प्रत अशी होती की, एवढी चूक तिच्या माथी मारणे सर्वांना पटले नाही. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे धर्मोपदेशक असले तरी गणितात निष्णात होते. त्यांनी असा तर्क केला की, कलियाना हिमालयाला जवळ असल्यामुळे तेथील ओळंबा पर्वताकडे अधिक झुकत असला पाहिजे. त्यांनी हिमालय आणि त्यामागील पठार यांच्या वस्तुमानाचा अंदाज बांधून ही ओढ गणिताने काढली आणि १८५५ साली प्रसिद्ध केली. उत्तर आले ते चकित करणारे होते. पर्वताची ओढ हिशेबाप्रमाणे खरी धरली तर फरक १५.८८५ विकला पडावयास हवा होता. प्रत्यक्षात तो त्याच्या एकतृतीयांशच होता. आता प्रश्न उलटा झाला. ओळंबा ढळला का, हा प्रश्न राहिला नाही. एवढा मोठा हिमालय शेजारी असून तो इतका थोडाच का ढळला, हा खरा प्रश्न ठरला.

त्याच वर्षी इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी त्याचे उत्तर सुचवले. पाण्यावर तरंगणारा ओंडका जितका वर दिसतो, त्याच्या मानाने तो पाण्याखाली खोल गेलेला असतो. पर्वतही तसेच: त्यांची हलक्या खडकांची मुळे खालच्या जड थरात खोल रुतलेली असतात, आणि वरच्या भाराची भरपाई खालच्या हलकेपणाने होते. प्रॅट यांनी पुढे थोडी निराळी उपपत्ती मांडली. त्यांच्या मते जेथे कवच फुगले तेथे ते विरळही झाले. पुढे या समतोलाला ‘समस्थायित्व’ असे नाव मिळाले आणि पृथ्वीच्या कवचाविषयीच्या साऱ्या विचाराचा तो एक आधारस्तंभ बनला. तिबेटखाली कवच सुमारे सत्तर किलोमीटर जाड आहे, असे भूकंपलहरींच्या अभ्यासाने नंतर दाखवून दिले. मोजणीच्या वहीतील पाच विकलांच्या एका आकड्यातून हे सारे निघाले.

ओळंब्याने दिशा सांगितली. पण पृथ्वीची ओढ किती, हे सांगण्याचे काम लंबकाचे. लंबकाची लांबी कायम ठेवली तर ओढ वाढली की तो जलद हेलकावतो, कमी झाली की मंदावतो. हा फरक अतिशय सूक्ष्म असतो. गुरुत्वाच्या मापनात ‘मिलिगॅल’ हे एकक वापरतात. ते पृथ्वीच्या एकूण ओढीच्या सुमारे दहा लाखांश भरते. ओढीत एवढा बदल झाला तर सेकंदाचा लंबक अख्ख्या दिवसात सेकंदाच्या जेमतेम विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याने मागेपुढे होतो. असे लंबक घेऊन कॅप्टन जेम्स बसेव्ही या अधिकाऱ्याने १८६५ पासून भारतभर संचार केला. पितळी लंबक, त्यांना हवेचा अडथळा होऊ नये म्हणून निर्वात केलेले भांडे, ताऱ्यांवरून तपासलेले घड्याळ, तपमानाच्या नोंदी, असा तो लवाजमा असे. दक्षिणेतील किनारा, मिनिकॉयसारखे बेट, मध्य भारतातील ठाणी, डेहराडून आणि मसुरी अशी एकेक जागा घेत तो उत्तरेकडे सरकला. लडाखमधील मोरे मैदानावर, समुद्रसपाटीपासून १५,००० फुटांहून अधिक उंचीवर, त्याने आपले लंबक हेलकावले. त्याहूनही उंच जागी आणखी एक ठाणे घ्यावे म्हणून तो पुढे निघाला आणि १८७१ च्या जुलै महिन्यात त्या वैराण प्रदेशातच त्याचा अंत झाला. त्याच्या नोंदींनी प्रॅट व एअरी यांच्या तर्काला स्वतंत्र पुरावा दिला. पर्वतप्रदेशात गुरुत्वाची कमतरता होती: जो डोंगर वर दिसत होता, त्याचे ऋण खाली कोठेतरी फिटलेले होते.

आता कोणी विचारील की, जागोजागची ओढ मोजून पृथ्वीचा आकार कसा कळणार? याची किल्ली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञाने १८४९ मध्येच दिली होती. तिचे मर्म साध्या शब्दांत सांगता येते. जमिनीखाली जेथे वस्तुमान अधिक आहे, तेथे आसपासचे पाणी त्याच्याकडे ओढले जाईल आणि पाण्याची सपाटी फुगेल. जेथे वस्तुमान कमी, तेथे ती खचेल. आदर्श गोलावर प्रत्येक जागी ओढ किती असावी, हे सूत्राने सांगता येते. प्रत्यक्ष ओढ त्याहून किती अधिक वा उणी आहे, याच्या नोंदी सर्वत्र हाती असल्या, तर त्यांची विशिष्ट रीतीने बेरीज करून कोणत्याही जागी जिऑइड आदर्श गोलाच्या किती वर वा किती खाली आहे, हे काढता येते. या बेरजेत जवळच्या नोंदींचे वजन फार मोठे, दूरच्यांचे कमी. पण दूरच्यांनाही सर्वस्वी वगळता येत नाही. पुण्याखालची सपाटी ठरवताना सह्याद्री तर बोलतोच, पण दूरवर हिमालय आणि हिंदी महासागरही आपले मत देतात.

सूत्र सुबक असले तरी जमिनीवरचे काम मात्र चिकाटीचे असते. लंबकाची जागा विसाव्या शतकात गुरुत्वमापक यंत्राने घेतली. एका नाजूक कमानीला टांगलेले छोटे वजन, एवढाच त्याचा गाभा. ओढ वाढली की कमान किंचित ताणते. जेथे लंबकाला दिवसच्या दिवस लागत, तेथे हे यंत्र काही मिनिटांत नोंद देते. परंतु कमान हळूहळू शिथिल होत असल्यामुळे मोजणीदाराला दिवसाअखेर पुन्हा सकाळच्याच ठाण्यावर परतून यंत्र किती सरकले ते तपासावे लागते. शिवाय प्रत्येक ठाण्याची उंची अचूक माहीत असावी लागते. कारण एक मीटर वर चढले की ओढ सुमारे ०.३ मिलिगॅलने घटते. भोवतालचा डोंगर वर ओढतो आणि शेजारची दरी आपली ओढ देत नाही, याचाही हिशेब वजा-जमा करावा लागतो. आणि स्टोक्सच्या सूत्राची अट अशी की, जिऑइडच्या बाहेर काहीच वस्तुमान नसावे. म्हणून अख्खे डोंगर आधी गणिताने खाली दडपावे लागतात. खडकांच्या घनतेविषयीची ही गृहीते टाळता यावीत म्हणून मोलोडेन्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९४५ च्या सुमारास एक निराळी पद्धती बसवली आणि पुढे अनेक देशांनी तिचा अवलंब केला.

अशा नोंदींतून जमिनीखालचे काय काय उमगते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. वरून पाहता सारा दख्खन काळ्या पाषाणाचा एकच थर वाटतो. पण गुरुत्वाच्या नकाशात मुंबईच्या किनाऱ्याशी ओढीचे आधिक्य दिसते, तर कोयना आणि कुर्डुवाडी येथे कमतरतेचे पट्टे उमटतात. एकाच पाषाणाखाली कोठे जड शिळा वर आलेल्या, तर कोठे काहीतरी हलके दडलेले, असा त्याचा अर्थ होतो. सर्वेक्षण विभागाचे सिडनी बरार्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असेच एक अनुमान मांडले होते. भारताच्या मध्यातून पूर्व-पश्चिम असा जड द्रव्याचा एक पट्टा जमिनीखाली दडलेला असावा, असे ओळंब्याच्या कलण्यावरून त्यांना वाटले. या पट्ट्याला त्यांनी ‘गुप्त पर्वतरांग’ म्हटले. ज्या कल्याणपूरच्या ओळंब्याला प्रमाण मानून देशाचे नकाशे बेतले गेले, तो ओळंबाही म्हणजे निखळ उभा नव्हता.

सर्वोच्च शिखराच्या उंचीची कथाही याच प्रश्नाशी निगडित आहे. राधानाथ सिकदार यांच्या गणितावर आधारलेली २९,००२ फूट ही उंची १८५६ मध्ये जाहीर झाली. त्यानंतर शंभर वर्षांनी शिखराकडे पाहणाऱ्या दुर्बिणी सुधारल्या, पण खरा प्रश्न पायथ्याचा होता. शिखर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. त्याच्या पोटाखालून समुद्रसपाटी गेली कोठून? भारतीय सर्वेक्षण विभागाचे बी. एल. गुलाटी यांनी १९५२ ते १९५४ या काळातील निरीक्षणांवरून ओळंब्याचे कलणे आणि जिऑइडची उंची हिशेबात घेऊन २९,०२८ फूट, म्हणजे ८,८४८ मीटर, हे उत्तर काढले. पुढे २०२० च्या मे महिन्यात चिनी गिर्यारोहकांनी गुरुत्वमापक प्रत्यक्ष शिखरावर नेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नेपाळ व चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली. उपग्रहांच्या युगातही शिखराचा माथा ठरवण्यासाठी त्याच्या पायाखालची सपाटी शोधावी लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कारण उपग्रहाने जागेची उंची मिळते ती आदर्श गोलापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. भारतात तर हा फरक जगात विरळा म्हणावा इतका मोठा आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरात जिऑइड आदर्श गोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली गेलेला आहे. एवढा खोल खळगा पृथ्वीवर अन्यत्र नाही. तेथे पृथ्वीच्या पोटात द्रव्य हलके का, याचा शोध अद्याप चालू असून २०२३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी आफ्रिकेकडून आलेल्या तप्त द्रव्याचा संबंध त्याच्याशी जोडून दाखवला. या खळग्याचा उतार साऱ्या भारतभर पसरला आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उपग्रहाच्या यंत्राने उंची मोजली, तर ती शून्याखाली साठ मीटरांहून अधिक भरते. चेन्नईच्या किनाऱ्यावर ती आणखी सुमारे पंचवीस मीटरांनी खाली जाते. त्या आकड्यांवर विसंबणाऱ्याला वाटेल की, मुंबईचे पाणी चेन्नईकडे धो धो वाहत जावे. पण दोन्ही ठिकाणी समुद्रच आहे आणि पाणी कोठेही वाहत नाही. पाणी उपग्रहाचे आकडे वाचत नाही. ते ओळंब्याची आज्ञा पाळते.

म्हणूनच हा विषय केवळ पंडितांचा राहत नाही. कालव्याला किलोमीटरमागे दहा-वीस सेंटिमीटर उतार द्यावयाचा असतो. ओळंबा वीस विकलांनी कलला तर तेवढ्याच अंतरात सपाटी सुमारे दहा सेंटिमीटर बदलते. म्हणजे कालव्याच्या साऱ्या उताराएवढी. नदीचा पूर कोणत्या वस्तीत शिरेल, भरतीचे पाणी किनाऱ्यावरच्या कोणत्या शेतात येईल, याचे उत्तर अर्ध्या मीटराच्या फरकाने बदलते. पूर्वी ही उंची पाणसळीने, पावलापावलाने किनाऱ्यापासून देशात आणली जाई. १८५८ ते १९०९ या काळात भारताची पहिली उंचीजाळी अशीच विणली गेली आणि तिच्यासाठी मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास यांसारख्या नऊ ठिकाणच्या समुद्रपातळ्या आधाराला घेतल्या गेल्या. या रीतीला अर्धे शतक लागले. उपग्रहाने तीच उंची काही वेळात मिळू शकते. पण त्यातून जिऑइडची उंची वजा करता आली तरच.

मग उपग्रहांनीच जिऑइडही का सांगू नये? २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस या जोडउपग्रहांनी आणि २००९ ते २०१३ या काळात कार्यरत असलेल्या गोसे या उपग्रहाने पृथ्वीच्या गुरुत्वाचे मोठे चित्र अपूर्व स्पष्टतेने रेखाटले. परंतु शेकडो किलोमीटर उंचीवरून बारकावे पुसट होतात. विमानातून डोंगररांग दिसते, पण गावातली विहीर दिसत नाही. साधारण शंभर किलोमीटरांहून लहान असलेला चढउतार उपग्रहाच्या पकडीतून निसटतो. आणि शेत, कालवा, वस्ती ही सारी त्या निसटलेल्या भागातच असतात. म्हणून आजची रीत अशी आहे की, मोठे चित्र उपग्रहाकडून घ्यावयाचे आणि ते जमिनीवरच्या नोंदींतून वजा करावयाचे. जे बारीक अंग उरेल त्यावर प्रदेशापुरते स्टोक्सचे गणित चालवावयाचे, डोंगरदऱ्यांचा परिणाम नकाशावरून काढावयाचा, आणि अखेर सारे पुन्हा एकत्र जोडावयाचे. त्यानंतर जेथे पाणसळीची उंची आणि उपग्रहाची उंची दोन्ही माहीत आहेत, अशा ठाण्यांवर हे उत्तर पडताळून पाहावयाचे. जेथे जमिनीवरच्या नोंदी दाट, तेथे उत्तर काही सेंटिमीटरांपर्यंत विश्वासार्ह. जेथे विरळ, तेथे ते डगमगते. देशातील अनेक संस्थांच्या नोंदी एकत्र करून २००६ साली भारताची सुधारित गुरुत्व-नकाशामाला तयार झाली, आणि संपूर्ण देशासाठी अचूक जिऑइड हे २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणातील एक उद्दिष्ट ठरले.

या कामात गाजावाजा नाही. घाटातल्या वळणावर, शाळेच्या ओट्यावर किंवा रेल्वेच्या फलाटावर एक माणूस छोटी पेटी मांडतो, बुडबुडा मधोमध आणतो, आकडा टिपतो आणि पुढच्या गावी निघतो. पाहणाऱ्याला त्याने काय मोजले ते कळतही नाही. अशा हजारो आकड्यांपैकी एखादा शेजाऱ्यांशी जुळत नाही, तेव्हा त्याला चूक ठरवून खोडण्याचा मोह होतो. कधी ती खरोखर चूकही असते. परंतु कलियानाच्या ओळंब्याने दाखवलेला फरक ज्यांनी खोडला नाही, त्यांना पर्वतांची मुळे सापडली. न जुळणारा आकडा प्रथम पुन्हा मोजावा, पुन्हाही तोच आला तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, हीच या शास्त्राची शिस्त आहे. देशाच्या जमिनीखालून गेलेली समुद्रसपाटी आज आपल्याला जेवढी ठाऊक आहे, ती याच शिस्तीने हाती आली. आणि जेवढी ठाऊक व्हावयाची उरली आहे, तीही याच वाटेने गवसेल.